‘लागणे’ : एक क्रियापद, त्याची रूपे आणि वहीतली एक चूक (माझी)



मागच्या लेखात ‘पडणे’ हे क्रियापद घेतले होते. त्यावर दोन-तीन जणांनी सांगितले की आता ‘लागणे’ घ्या. खरं तर मी ते टाळत होतो. एक तर हे क्रियापद भलतंच पसरट आहे, आणि दुसरं म्हणजे याच क्रियापदावर मी एकदा वर्गात सपशेल चुकलो होतो. ती चूक सांगितल्याशिवाय हा धडा पूर्ण होणार नाही. पण आधी अर्थ आणि रूपे बघू, मग तिकडे येतो.

मूळ अर्थ

‘लाग’ हा धातू संस्कृतातल्या ‘लग्’ या धातूपर्यंत मागे जातो. त्याचा अर्थ चिकटणे, जोडले जाणे. हिंदीत ‘लगना’, गुजरातीत ‘लागवुं’ ही त्याचीच भावंडं. ‘लग्न’, ‘संलग्न’ हे शब्दही त्याच धातूचे. त्यामुळे ‘लग्न लागलं’ म्हणताना आपण एकच धातू दोनदा वापरतो, हे मुलांना सांगितलं की वर्ग खूष होतो. ‘लागोपाठ’, ‘लागलीच’, ‘लागेबांधे’, ‘लागवड’ हे सगळे याच घरातले. संतवाङ्मयात ‘मजलागी’, ‘तुजलागी’ अशी रूपं येतात, तिथे ‘लागी’ म्हणजे ‘साठी’ किंवा ‘ला’. आपला चतुर्थीचा ‘ला’ प्रत्यय या ‘लागी’वरूनच आला असावा असं काही अभ्यासक मानतात.

चिकटणे हा अर्थ मनात धरला की बाकीचे बरेच अर्थ आपोआप उलगडतात. दार चौकटीला चिकटलं की ‘दार लागलं’. पापण्या एकमेकींना चिकटल्या की ‘डोळा लागला’. दगड पायाला भिडला की ‘ठेच लागली’. इंदापूर तालुका बारामतीला ‘लागून’ आहे. बारामतीहून इंदापूरला निघालं की वाटेत काटेवाडी ‘लागते’, मग भवानीनगर, बेलवाडी, लासुर्णे, निमगाव केतकी. आषाढीला तुकोबांची पालखी याच बाजूने जाते, आणि आठ-पंधरा दिवस आधीपासून गावांना तिचे वेध ‘लागतात’. इथे चिकटलं ते मनाला.

नातंसुद्धा लागतं. ‘तो तुझा कोण लागतो?’ ‘माझा चुलतमामा लागतो.’ हा प्रयोग मुलांना सर्वात लवकर सुचतो, कारण गावाकडं दिवसातून चारदा हा प्रश्न कुणीतरी विचारतंच.

आपल्याकडचं पाणी

अर्थाचा पसारा दाखवायला मी वर्गात एकच शब्द घेतो, ‘पाणी’. आपल्या भागात दुसरा कुठला घेणार!

‘बोअरला दोनशे फुटावर पाणी लागलं’ म्हणजे सापडलं. ‘उसाला पाणी लई लागतं’ म्हणजे गरज असते. ‘त्याला तिकडचं पाणी लागलं’ म्हणजे बाधलं, आजारी पडला. ‘कॅनॉलचं पाणी गोड लागतं, बोअरचं मचूळ लागतं’ म्हणजे चव. नाम तेच, क्रियापद तेच आणि अर्थ चार. मुलांना विचारलं, हे चार अर्थ तुम्हाला कळतात कसे? एकानं सांगितलं, ‘सर, आधी काय आलंय ते बघायचं.’ बरोबर सांगितलं. बोअर‘ला’ आणि उसा‘ला’ यात प्रत्यय एकच आहे, पण बोअरची खोली सांगितली की सापडणं आणि ‘लई’ आलं की गरज. अर्थ क्रियापदात कमी आणि शेजारपाजारात जास्त, असं हे क्रियापद आहे.

‘लागण’ या नामाची गंमत वेगळीच. नीरा डाव्या कालव्याला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पाणी आलं आणि पुढे हा सगळा पट्टा उसाचा झाला. तेव्हापासून इथं ‘लागण’ म्हणजे उसाची लागण. जुलै-ऑगस्टातली आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरातली पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीतली सुरू. तुटून गेल्यावर फुटतो तो खोडवा, आणि खोडवा नाही तो ‘लागणीचा ऊस’. 2020 साली टीव्हीवर रोज ‘इतक्या जणांना लागण’ असं यायला लागलं, तेव्हा तिसरीतल्या एका पोरानं विचारलं होतं, ‘माणसांना लागण कशी करत्यात?’ हसू नका. त्याचं शब्दज्ञान पक्कं होतं, त्याला रोगाची लागण माहीत नव्हती इतकंच. शब्दकोशात दोन्ही अर्थ आहेत.

रूपे

‘लागणे’ अकर्मक आहे. त्यामुळे भूतकाळात ते कर्त्याप्रमाणे चालतं आणि ‘ने’ प्रत्ययाचा कर्ता कधीच घेत नाही. तो कामाला लागला, ती कामाला लागली, ते पोर कामाला लागलं, बाया कामाला लागल्या, पोरं कामाला लागली. ‘मी’ला पुरुष ‘लागलो’ म्हणतो, बाई ‘लागले’. ‘मी लागली’ हेही आपल्या भागात ऐकू येतं, ते बोलण्यात असू द्या, वहीत ‘लागले’ लिहून घ्या. भविष्यात लागेन, लागशील, लागेल, लागू, लागाल, लागतील. पूर्वीची सवय सांगायला लेखी भाषेत ‘लागे’ (तेव्हा पाणी शेंदावे लागे), बोलताना ‘लागायचं’.

आज्ञार्थात एक लक्षात येतं. ‘कामाला लाग’, ‘अभ्यासाला लागा’ म्हणता येतं, पण भुकेला ‘लाग’ असं कोणी सांगत नाही. कारण ‘मला भूक लागली’ या वाक्यात कर्ता ‘भूक’ आहे, ‘मी’ नाही. क्रियापद भुकेप्रमाणे स्त्रीलिंगी झालंय, आणि ‘मला’ म्हणजे ज्याला ती येऊन चिकटली तो. तहान, झोप, थंडी, ठेच, ठसका, नाद, दृष्ट, चाहूल या सगळ्यांची रचना हीच.

इंग्रजी माध्यमातली मुलं इथं हमखास अडखळतात. ‘मी भूक लागलो’ हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. मुलाचा दोष नाही. त्याच्या डोक्यात इंग्रजी वाक्य आहे, आणि त्यात भुकेला असणारा ‘मी’ हाच कर्ता आहे. पालकांना विनंती, हसण्याऐवजी एवढंच विचारा, ‘कोण लागलं? तू लागलास की भूक लागली?’

आता ‘लागणे’चा जोडीदार ‘लावणे’. दार लागलं – दार लावलं. लग्न लागलं – लग्न लावलं. सवय लागली – सवय लावली. पोराला नोकरी लागली – मामानं नोकरी लावली. वाट लागली – वाट लावली (याची उदाहरणं मुलं न मागता देतात). पहिल्यात घडलं तेवढंच कळतं, दुसऱ्यात कोणी घडवलं ते सांगावंच लागतं. ही जोडी नीट लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे.

सहायक क्रियापद म्हणून

व्याकरणाच्या पुस्तकात संयुक्त क्रियापदाला ‘मुले खेळू लागली’ छापाचं उदाहरण असतं. धातुसाधित ‘खेळू’ आणि सहायक ‘लागली’, दोन्ही मिळून एकच क्रिया. आरंभाचा अर्थ. पुस्तक बहुधा इथंच थांबतं. पण ‘लागणे’ सहायक झालं की त्याचे अर्थ दोन होतात, आणि दुसरा जास्त महत्त्वाचा आहे.

लेखी मराठीत हे दोन अर्थ स्वच्छ वेगळे आहेत. ‘मी जाऊ लागलो’ म्हणजे आरंभ, ‘मला जावे लागले’ म्हणजे भाग पडलं. ‘-ऊ’ आला की सुरुवात, ‘-आवे’ आला की सक्ती.

बोलताना मात्र आपण दोन्हीकडे ‘-आयला’ वापरतो. ‘मी जायला लागलो’ आणि ‘मला जायला लागलं.’ गावाकडं ‘जायाला लागतंय’. मग फरक राहतो तो फक्त ‘मी’ आणि ‘मला’ यात, आणि क्रियापद कोणाप्रमाणे चाललंय त्यात. ‘ती पाणी भरायला लागली’ म्हणजे तिनं भरायला सुरुवात केली, क्रियापद तिच्याप्रमाणे. ‘तिला पाणी भरायला लागलं’ म्हणजे तिच्यावर वेळ आली, क्रियापद पाण्याप्रमाणे. एका ‘ला’मुळे बाईचं सगळं चित्र बदलतं.

सक्तीच्या रचनेत कर्म असेल तर दोन्ही रूपं कर्माप्रमाणे फिरतात. शाळा सोडावी लागली, गाव सोडावं लागलं, बैल विकावे लागले, शेळ्या विकाव्या लागल्या. मुलांची नेहमीची चूक ‘त्याने जावे लागले’ ही. ‘त्याने जावे’ हे स्वतंत्रपणे बरोबर आहे, त्याला ‘लागले’ जोडलं की ‘त्याला’च हवं.

‘पाहिजे’शी तुलना करून दाखवावी. ‘मला अभ्यास करायला पाहिजे’ यात माझं मलाच पटलेलं असू शकतं. ‘मला अभ्यास करावा लागतो’ यात बाहेरून रेटा आहे. मुलं हा फरक जन्मापासून ओळखतात, आपण फक्त त्याला नाव द्यायचं.

थोडं स्वीडनला जाऊन येऊ

ओळखीतली एक मुलगी नोकरीनिमित्त स्वीडनमध्ये आहे. तिनं फोनवर सांगितलं की तिकडची भाषा शिकताना तिचा सगळा त्रास एका क्रियापदानं केलाय. ते क्रियापद म्हणजे ‘फो’. वर्तमानकाळात ‘फोर’, भूतकाळात ‘फिक’, आणि पूर्णकाळासाठी ‘फॉट’. मूळ अर्थ ‘मिळणे’. पत्र मिळालं, मूल झालं, सर्दी झाली, सगळीकडे हेच. (आपण नाही का मूल ‘होतं’, सर्दी ‘होते’ आणि जेवायला वेळही ‘होतो’ म्हणत!)

पुढं मजा आहे. दारात उभं राहून ‘मी आत येऊ का?’ विचारायचं तरी ‘फोर’. म्हणजे परवानगी मिळणे. आणि ‘तुला थांबावं लागेल’ म्हणायचं तरी ‘दू फोर वेन्ता’. म्हणजे सक्ती. ‘याग फिक गो’ या वाक्याचा अर्थ ‘मला जायला मिळालं’ असाही होतो आणि ‘मला जावं लागलं’ असाही. कोणता, ते संदर्भावरून ओळखायचं. नकार दिला की मात्र ‘परवानगी नाही’ हाच अर्थ घ्यायचा, ‘गरज नाही’ असा नाही.

ती वैतागून म्हणाली, ‘परवानगी आणि सक्ती एकाच शब्दात कशी काय ठेवतात हे लोक?’ मी म्हटलं, आपण सुरुवात आणि सक्ती एकाच शब्दात ठेवतोच की! ज्याची त्याची सवय.

पण फोन ठेवल्यावर जाणवलं, की आपल्याकडे इथं नेमकी सोय आहे. ‘जायला मिळालं’ आणि ‘जायला लागलं’. ‘मला शिकायला मिळालं.’ ‘मला शिकायला लागलं.’ दोन क्रियापदं, आणि माणूस कुठल्या बाजूनं बोलतोय ते लगेच कळतं. या सोयीची मला वर्गात किंमत कळली नव्हती, त्याचीच आता गोष्ट.

वहीतली चूक

काही वर्षांपूर्वीची. आपल्याकडे दिवाळीच्या पुढं-मागं कारखाने पेटतात, आणि बीड-नगरकडून तोडणीच्या टोळ्या येतात. कारखान्याच्या आसपास, उसाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. त्यांच्याबरोबर मुलं येतात. काही आपल्या वर्गात येतात, काही कोपीवर धाकट्याला सांभाळत बसतात. पट्टा पडला की सगळी परत.

सातवीला एक मुलगी अशीच नोव्हेंबरात आली. अक्षर चांगलं. निबंध दिला होता, ‘माझी शाळा’. इतरांनी शाळेची इमारत, बाग, मैदान असं लिहिलं. तिनं लिहिलं होतं, ‘माझी शाळा गावाला आहे. मला ती दरवर्षी दिवाळीनंतर सोडावी लागते.’

मी त्या आठवड्यात वर्गाला एकच मंत्र दिला होता, वाक्य आटोपशीर लिहा, फापटपसारा नको. तिच्या वहीत मी ‘सोडावी लागते’ला लाल रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘सोडते’. शेजारी शेराही दिला, ‘सुटसुटीत लिही.’

मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. भांडायला नव्हे, विचारायला. म्हणाली, ‘सर, मी नाही सोडत.’

मला आधी कळलंच नाही. वाटलं शाळा सोडायची नाही असं म्हणतेय. म्हटलं बरं आहे, सोडू नको. मग तिनं रेघेवर बोट ठेवलं.

व्याकरणाच्या दृष्टीनं माझं वाक्य निर्दोष होतं, पण ते खोटं होतं. ‘मी शाळा सोडते’ यात कर्ती ती आहे. तिच्या वाक्यात ती कर्ती नव्हती. तिनं ‘मला’ लिहिलं होतं, म्हणजे जिच्यावर हे येऊन पडतं ती. आणि एक शब्द वाचवायच्या नादात मी तिच्या आईबापाची उचल, मुकादम, कोयता सगळं काढून टाकून जबाबदारी एका बारा वर्षांच्या मुलीच्या नावावर लिहिली. लाल शाईनं.

मी रेघ खोडली आणि ‘बरोबर’ लिहिलं. वही तशीच तिच्याकडं गेली.

त्या दिवसापासून मी आपल्या कागदांतली भाषाही जरा निरखून बघायला लागलो. ‘शाळा सोडल्याचा दाखला.’ ‘शाळा सोडण्याचे कारण.’ ‘गळती.’ दाखल्यावर दुसरं काय लिहिणार हे मान्य, नमुना ठरलेला असतो. पण ‘गळती’ हा शब्द बघा. नळ गळतो, पान गळतं. कोणी काही केलेलंच नसतं.

तीन वाक्यं

यातून मी एक पाठ तयार केला. हंगाम असो-नसो, दरवर्षी घेतो. फळ्यावर तीन वाक्यं लिहायची.

तिने शाळा सोडली.
तिला शाळा सोडावी लागली.
तिला शाळा सोडायला लावली.

आणि प्रश्न एकच, ‘हे कोणामुळे झालं?’

पहिल्याला मुलं म्हणतात, तिच्यामुळे. दुसऱ्याला थोडा वेळ गप्प बसतात. कोणामुळे तरी, पण कोण ते वाक्यात नाही. तिसऱ्याला लगेच ओरडतात, ‘कुणी लावली?’ बघा, वर सांगितलेली लागणे-लावणेची जोडी इथं कामाला येते. ‘लावणे’ आलं की कर्ता मागितल्याशिवाय मन राहत नाही. ‘लागणे’ सक्ती सांगतं पण सक्ती करणारा झाकून ठेवतं. कधी तो झाकावा असं बोलणाऱ्यालाच वाटतं (‘बापानं सोडायला लावली’ म्हणायला जीभ रेटत नाही), आणि कधी तो एकटा कोणी नसतोच. दुष्काळ, कर्ज, हंगाम, सगळं मिळून असतं.

हाच पाठ मोठ्या मुलांना उजनीवर घेता येतो. भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं आणि इंदापूर तालुक्यातल्या नदीकाठच्या कितीतरी गावांत पाणी आलं. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ अजूनही उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर दिसतं. त्या गावांतल्या आजी-आजोबांशी बोलायला सांगा, आणि मुलांना फक्त क्रियापदं टिपून आणायला सांगा. ‘गाव उठलं’, ‘गाव पाण्यात गेलं’, ‘गाव सोडावं लागलं’, ‘आम्हाला उठवलं’. प्रत्येक क्रियापदात दोष कोणाकडे जातो, की कोणाकडेच जात नाही, यावर एक तास सहज जातो. आमच्याकडं दोन तास गेले, इतिहासाच्या बाईंचा तास मागून घ्यावा लागला. (घेतला नाही, घ्यावा लागला. बाईंनी हे वाचलं तर नोंद घ्यावी.)

घरी करून घ्यायचा सराव

पुढच्या वाक्यांत ‘लागणे’ आरंभाचं आहे की सक्तीचं, ते मुलांना ओळखायला सांगा. लेखी रूपही करून घ्या.

पाऊस पडायला लागला. मला छत्री आणायला लागली. पोरगं बोलायला लागलं. आईला रानात जायला लागलं. बाबा पहाटेच उठायला लागले. आजोबांना काठी घ्यायला लागली.

पाचव्या वाक्यावर वाद होतो. ‘बाबा पहाटेच उठायला लागले’ याचं लेखी रूप ‘उठू लागले’ हेच. ‘बाबांना’ नाही, म्हणून आरंभ. पण माझ्या वर्गात एकानं ठामपणे सक्ती लिहिली. कारण विचारलं तर म्हणाला, ‘कॅनॉलची पाळी रातची आलीया सर, हौसंनं कोण उठतंय.’ मी त्याला व्याकरणाचा एक गुण दिला नाही, आणि अर्ध्या गुणाचा बराच वेळ विचार करत बसलो.